ट्रायलपुरती

ज्वारी निसवली, हरभऱ्याच्या पानांवर सकाळी आंब धरायला लागली, की आमच्या कपाटावरची काळी बॅग खाली येते. हे तिच्यावरची धूळ झटकतात, लेन्सा एकेक करून उजेडात धरून बघतात आणि बॅटरी स्वयंपाकघरातल्या प्लगला लावून देतात, कारण घरातला तेवढाच प्लग ढिला नाही. मग दिवसभर तो लाल दिवा माझ्या डोळ्यांसमोर लुकलुकत राहतो. मी वाफवायच्या उंड्यांसाठी बाजरी निवडते, शेंगदाणे भाजते, आंबट चुका निवडते, आणि तो लुकलुकतो. एकदा मी त्याच्यावर फडकं टाकलं होतं. हे म्हणाले, "गरम होतंय ते, काढ." मी काढलं.

येळवस आली की आमच्याकडं सगळ्यांना आनंद होतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं लातूर शेतात जातं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्या कुणाच्या शेतात. खानावळी बंद असतात, म्हणून भोकर-उमरीकडून क्लाससाठी आलेली पोरंही घरमालकाच्या टेम्पोत बसतात. शेतात कडब्याची कोप, बारकं खोपटंच, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून, मडक्यात आंबील, आणि पातेलंभर भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. शेतात जे जे हिरवं असेल ते सगळं ताकात आणि बेसनात एकत्र शिजवायचं. वर्षभर डब्याचं खाल्लेली पोरं ती पाचव्यांदा वाढून घेतात. मलाही हा सण आवडायचा. आता स्वयंपाक सगळा करते, वाढते, हसते, पण आत काहीतरी कुसळासारखं टोचत राहतं, आणि कुसळ असं की दिसत नाही, म्हणून काढता येत नाही.

हे एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. भूकंपानंतरच्या वर्षांत लातूरला क्लासेसचं पीक आलं आणि आमचे दिवस पालटले. पत्र्याच्या दोन खोल्या जाऊन स्लॅबचं घर झालं, वर पोरांना भाड्यानं द्यायला खोल्या झाल्या, आणि मग एका दिवाळीत हा कॅमेरा आला. त्याच्यामागोमाग दोन माणसंही आली. बिराजदार साहेब बँकेत होते, त्यांच्याकडं हातभर लांब लेन्स होती आणि ते फक्त पाखरांचे फोटो काढायचे. दुसरे रशीदभाई. गंजगोलाईजवळ त्यांचं फोटो मढवून द्यायचं दुकान, वडिलांच्या वेळचं. रशीदभाई स्वतः फोटो काढत नसत, पण त्यांना दाखवल्याशिवाय या दोघांना चैन पडत नसे.

रविवारी संध्याकाळी तिघं आमच्या पुढच्या खोलीत जमायचे. कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडायची आणि आठवड्याचे फोटो मोठे करून बघायचे. मी चहा घेऊन दारात उभी राहायची. एकेका फोटोवर अर्धा अर्धा तास. बिराजदार साहेब म्हणायचे, आकाश जळालंय सर, उजेड एक स्टॉप खाली घ्यायला पायजे होतं. हे म्हणायचे, घेतलं असतं तर झाड काळं पडलं असतं. रशीदभाई बशीत फुंकर घालत म्हणायचे, "संध्याकाळचं झाड काळंच असतंय ना सर." मग दोघं त्यांच्यावर तुटून पडायचे. अपर्चर उघडं ठेवायचं की बारीक, शटर किती पळवायचं, आयएसओ वाढवला की फोटोत वाळू का येते. ऐकून ऐकून मला हे सगळे शब्द पाठ झाले. चौथीत पाढे पाठ झाले होते, तसे. त्यांचा मला काही उपयोग नव्हता, पण डोक्यातून जातही नव्हते.

माझा उपयोग त्यांना होता. ट्रायलसाठी.

"कुसुम, उभी राहा गं जरा." ही हाक आली की मी हातातलं ठेवून जायची. कधी लिंबाखाली, कधी जिन्यात, कधी तुळशीजवळ. हात पिठाचे, पदर खोचलेला. हे कॅमेरा डोळ्याला लावायचे, खटकन आवाज यायचा, मग तिघं छोट्या पडद्यावर वाकून बघायचे. चेहरा गडद पडतोय. नाकाखाली सावली येतीय. मागचं पांढरं लई भडक झालं. भिंतीचं माप घेतात तसं माझ्या तोंडाबद्दल बोलायचे आणि मी समोर उभी. कुणी वाईट बोलत नव्हतं. वाईट बोलायला समोर माणूस आहे असं तरी वाटावं लागतं. परत खटकन. परत वाकणं. जमलं की हे म्हणायचे, "झालं, हो बाजूला." मी बाजूला व्हायची आणि त्या जागेवर ज्याचा फोटो काढायचा तो यायचा. आमची मुलगी, पाहुणे, बोर्डात आलेली पोरं हार घालून.

या घरात कॅमेऱ्यापुढं सगळ्यांत जास्त वेळा मी उभी राहिले आहे, आणि अल्बमात मी नाही. एकदा हे मी बोलून दाखवलं. ह्यांना गंमत वाटली. "समद्यांचं सेटिंग तुझ्यावरच झालंय की. अजून काय पायजे?" रविवारी त्यांनी ते दोघांनाही सांगितलं. बिराजदार साहेब लई हसले.

तरी मला माझ्या फोटोची हौस नव्हती. मला पाहिजे होता तो आईचा आणि माझा. एकच, दोघींचा.

आमच्या गावातली घरं दगडमातीची. भूकंपात ती बसली. माणसं काढायची धावपळ, तिथं फोटोची काय कथा. आमच्या घरात भिंतीवर तीन फोटो होते. वडिलांचा एक, माझ्या लग्नातला एक, आणि जत्रेत पडद्यासमोर काढलेला, त्यात आई उभी आणि मी तिच्या कडेवर. तिन्ही मातीत गेले. वडीलही गेले. आई आणि दादा त्या रात्री शेतात राखणीला होते म्हणून राहिले. पुढं नव्या गावात घर मिळालं तेव्हा आईला हातात पाटी देऊन घराच्या दारात उभं केलं होतं. पाटीवर घराचा नंबर. भूकंपानंतर आईचा फोटो म्हणजे तेवढा एक, आणि त्यात तिच्या तोंडापेक्षा नंबर स्पष्ट आला आहे.

आई आमच्या लातूरच्या घरी कधी राहिली नाही. आली तर अंगणात बसायची. पाणी अंगणात, चहा अंगणात, पाऊस आला तर जिन्याखाली. स्लॅबखाली तिचा जीव घाबरा व्हायचा. वरती बघत बघत बोलायची आणि बोलता बोलता उठून बाहेर जायची. नव्या गावातही दादानं तिला अंगणात पत्र्याचा आडोसा करून दिला होता, ती तिथंच झोपायची. अंगणात बसायची तेही परतीची यष्टी चुकू नये म्हणून घाईत, चप्पल पायातच. ती निवांत, पाय पसरून, वर न बघता बसलेली मला वर्षातून एकदाच मिळायची. येळवशीला, दादाच्या शेतात.

म्हणून एका वर्षी ह्यांनी कॅमेरा आणि दोघा मित्रांना घेऊन माझ्या माहेरच्या शेतात जायचं ठरवलं तेव्हा मी दोन दिवस मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. आईचा न् माझा एक काढा. एवढंच वाक्य. ते मी बाजरी दळताना म्हटलं, उंडे वळताना म्हटलं, टेम्पोत बसल्यावर म्हटलं. ह्यांच्यासमोर म्हणायच्या वेळी बिराजदार साहेब मध्ये बसलेले होते.

त्या सकाळचं सगळं मला अजून दिसतं. थंडीनं करडईचे काटे ताठ झालेले. तुरीच्या शेंगा वाजत होत्या. दादानं कोप अशी दाट बांधली होती की आत गेलं की अंगाला ऊब यायची. आईनं मडक्यातली आंबील पळीनं ढवळून मला चव बघायला दिली, लहानपणी द्यायची तशी, तळहातावर. आंबट, गार, लसणाची. ह्या चवीचा फोटो निघत नाही हे बरं आहे, नाहीतर त्यातही एक स्टॉप कमी पडला असता.

ह्यांना आईचा फोटो काढायचा होता. मागं ज्वारीची कणसं धूसर, पुढं मडकं, मध्ये आई. तिघं उन्हाकडं बघून वाद घालत होते. ह्यांचं म्हणणं अपर्चर पूर्ण उघडू. बिराजदार साहेबांचं म्हणणं मग मडकं फोकसमधून जाईल. रशीदभाईंना घाई नव्हती. "ऊन कडक हाय सर, जेवून घ्या, जरा ढळू द्या." तेवढ्यात नेहमीची हाक आली आणि मी कोपीपुढं जाऊन बसले, आईच्या जागेवर. खटकन. वाकून बघणं. परत. मग आईला बोलावलं आणि ती येऊन माझ्या शेजारी टेकली. मी उठायला लागले तर हे म्हणाले, थांब, दोघींवर फोकस बघतो.

आईनं माझ्याकडं बघितलं. माझ्या गालाला आंबील लागली होती. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि माझी हनुवटी धरून गाल पुसायला लागली. "तोंडाला काय फासलीस गं कुसे, एवढी घोडी झालीस." मला हसू आलं. तिलाही आलं. त्याच वेळी खटकन आवाज झाला.

हे पडद्यावर बघून बिराजदार साहेबांना म्हणाले, उजेड बरोबर हाय, पण हललंय. साहेबांनी बघितलं, मान डोलावली. मी मान उंच करून एक क्षणभर बघितलं. अंगठ्याएवढ्या काचेत आम्ही दोघी होतो. तिचा हात माझ्या तोंडावर. मग ह्यांनी काहीतरी बटण दाबलं आणि म्हणाले, "झालं, हो बाजूला."

मी उठले. आईनं माझं मनगट धरलं.

"तिला कशाला उठवता जावईबापू? लेक हाय माझी, बसू द्या की."

"मामी, एकटीचा घेऊ आधी. मग दोघींचा घेतो, आरामात."

आई बसली. मी चार पावलं बाजूला झाले. ह्यांनी तिला पदर नीट घ्यायला सांगितला, मडक्यावर हात ठेवायला सांगितला, हसू नका म्हणाले. एक फोटो काढायचा आणि तिघांनी मिळून बघायचा. मोठा करून बघायचा, सरकवून डोळे बघायचे, सरकवून हात बघायचा, मग शटर बदलायचं की अपर्चर यावर बोलायचं, बोलताना पडदा उजेडाला तसाच चालू. मला तेव्हा एवढंच कळत होतं की आईचे गुडघे दुखत असतील. शेवटी ह्यांना पाहिजे तसा एक मिळाला. हे खूश झाले. मला म्हणाले, "ये आता, तू बस." मी आईजवळ बसले, पदर घेतला, आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हे कॅमेरा डोळ्याला लावून थांबले. आवाज आला नाही. बॅटरी संपली होती.

दुसरी बॅटरी लातूरला, प्लगला लावलेली. तिघांनी फोटो बघून बघून ही संपवली होती, काढून नव्हे.

बिराजदार साहेबांच्या कॅमेऱ्यात बॅटरी होती. पण त्यांनी आणली होती ती हातभर लांबीची लेन्स. ते म्हणाले, वहिनी, ह्याच्यात तुम्ही दोघी मावायच्या तर मला पलीकडच्या शिवारात जाऊन उभं राहावं लागंल. सगळे हसले. आईही हसली, तिला वाटलं हसायची गोष्ट आहे. दादानं पानं मांडली. जेवणं झाली. ऊन उतरायच्या आत टेम्पोवाला घाई करायला लागला.

मला त्या दिवशी तेवढं वाईट वाटलं नाही, कारण मी बघितलं होतं. आम्ही दोघी त्या काचेत होतो. कॅमेऱ्यात एकदा गेलेलं जाणार कुठं, असं मला वाटायचं. आमच्या वेळी रोल असायचा, त्यात आलेलं बरं-वाईट सगळं धुऊन हातात मिळायचं. डोळे मिटलेलेसुद्धा.

रविवारी टीव्हीवर शेत आलं. मी चहा देऊन दारातच थांबले, एरवी आत जायची. करडई आली, कोप आली, पोरं उंडे खाताना आली. मग आई आली. टीव्हीएवढी मोठी, एकटी, मडक्यावर हात ठेवून. फोटो चांगला होता, नाही म्हणवत नाही. चेहऱ्यावरची एकेक रेघ दिसत होती. बिराजदार साहेब म्हणाले, सगळं जमलंय, फक्त मामी कॅमेऱ्यात बघेनात, नजर बाजूला गेलीय. हे म्हणाले, मी सांगत होतो तरी त्या तिकडंच बघत राहिल्या. तिकडं कुठं, ते कुणी विचारलं नाही. तिकडं मी उभी होते.

मग पुढचा फोटो क्लासमधल्या सत्काराचा आला. शेत संपलं.

मी तोवर त्या खोलीत त्या माणसांपुढं चहा घ्या याशिवाय एक शब्द बोलले नव्हते. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

"ते आधीचं कुठं हाय? आई माझं तोंड पुसत होती ते?"

हे म्हणाले, "ते ट्रायलचं गं. तिथंच उडवलं. मोठ्या साइजमध्ये काढतोय ना, कार्डात जागा ऱ्हात न्हाई."

"मला पायजे होतं."

"हललेलं होतं ते."

"हलू द्या की. हात हलत होता तिचा."

बिराजदार साहेबांना काहीतरी बोलायला पाहिजे असं वाटलं असावं. ते मला शटरचं समजावून सांगायला लागले, हात हलत असेल तर किती पळवायला पाहिजे ते. मी ऐकून घेतलं. मला ते माहीत होतं, इतक्या रविवारी ऐकलं होतं. मला शटर नको होतं. रशीदभाईंनी कप खाली ठेवला आणि त्या दिवशी लवकर गेले.

साहेबांनीच पुढं सांगितलं की उडवलेलं कधीकधी परत मिळतं, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर. पण त्या आठवड्यात क्लासमध्ये सत्कार झाला होता आणि त्याचे फोटो ह्यांनी त्याच कार्डात काढले होते. तरी हे कार्ड घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. एकदा नाही, दोन-तीनदा गेले. हे मला सांगायलाच पाहिजे, कारण हे वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर माझा राग कुठंतरी टेकला असता.

एक दिवस एक कागद घेऊन आले. त्या फोटोचा वरचा भाग परत मिळाला होता. ज्वारीची कणसं, थोडं आभाळ, माझा भांग, आईचा पदर आणि माझ्याकडं झुकलेलं तिचं कपाळ, भुवईपर्यंत. तिथून खाली सगळं करडं. फळा पुसल्यावर राहतं तसं, एकसारखं, कागदाच्या टोकापर्यंत. हे म्हणाले, तिथून पुढं सत्काराचं बसलंय, आता येत न्हाई. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, पुढल्या येळवशीला घेऊ की, मामी कुठं जातेत.

आई श्रावणात गेली. पत्र्याच्या आडोशालाच, झोपेत. तिची तशीच इच्छा असणार, डोक्यावर स्लॅब नको.

दिवस झाल्यावर ह्यांनी तो मडक्याचा फोटो मोठा करून आणला. आता तो पुढच्या खोलीत आहे. येणारे-जाणारे उभे राहून बघतात. कुणी काढला, विचारतात. हे सांगतात, आणि मग उजेड कुठून येत होता तेही सांगतात. ह्यांनी त्याच्या उजव्या बाजूची मोकळी जागा कापली, नजर बाजूला गेलेली तेवढी खटकत नाही म्हणून. मी ऐकते. भिंतीवर माझीच आई आहे आणि मला तिच्याबद्दल काही सांगायचं असलं तरी मध्ये अपर्चर येतं.

भादव्यात एका दुपारी मी तो दुसरा कागद पिशवीत घालून एकटीच गंजगोलाईला गेले. असं कुठं एकटी जायची मला सवय नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं तोवर बाहेर उभी राहिले. रशीदभाईंनी बघितल्यावर स्टूल दिलं. "भाबी, तुम्ही? सरांनी सांगितलं असतं तर मी घरी आलो असतो." मी कागद काढून दिला. त्यांनी तो काउंटरवर पसरला, बघत राहिले. त्यांना ओळख लागली. ते तिथंच होते ना, ऊन ढळू द्या म्हणणारे.

मग त्यांनी पट्टी घेतली, पेन्सिल घेतली. करडं सुरू होतं तिथं पट्टी ठेवून म्हणाले, खालचा हा खराब भाग कापून टाकतो, वरची पट्टी चांगली दिसंल, आडवी फ्रेम करू, बारीक सोनेरी.

"कापू नका."

"ह्याच्यात काही न्हाई भाबी. खाली नुसताच कोरा हाय."

"त्याच्यात हात हाय तिचा," मी म्हणाले. "माझ्या गालावर."

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. पेन्सिल कानावर ठेवली, पट्टी उचलून कागदाच्या पार खालच्या टोकाला लावली, आणि वरपासून अख्ख्या कागदाचं माप घ्यायला लागले.